टिकटिक सेल्फची आणि चोवीस हजारांचं एस्टिमेट

पावसाळा संपत आला की या सदराकडे बॅटरीच्या तक्रारींची रीघ लागते. या वेळच्या पत्रांतली निम्मी बॅटरीबद्दल आहेत आणि उरलेली निम्मी बिलाबद्दल. तेव्हा हा अंक त्यांनाच देतो आहोत. टायरच्या प्रश्नांना पुढच्या वेळी जागा देऊ.

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक साडेतीन वर्षांची आहे. आठवडाभर सकाळी सेल्फ मारला की नुसतं टिकटिक होतं, दोनतीन प्रयत्नांनी गाडी लागते. सर्व्हिस सेंटरने स्कॅनिंग ७००, बॅटरी ५,८००, अल्टरनेटर १४,९०० आणि सेल्फचं ओव्हरहॉल २,६०० असं २४,००० रुपयांचं एस्टिमेट हातात ठेवलं. सगळं खरंच करावं लागेल का? (वाचक, चिंचवड)

बॅटरी, इंजिन चालू असताना तिला भरणारा डायनामो म्हणजे अल्टरनेटर आणि इंजिन फिरवून सुरू करणारा सेल्फ, यांना एकाच आठवड्यात मरायला त्यांचं काही आपसात ठरलेलं नसतं. तिन्हींची नावं एका कागदावर आली, म्हणजे बहुतेकदा नेमका दोष कोणी मोजलेला नाही. मोजायला पाच-सातशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर आणि सेल्फ मारायला घरातलं कोणीतरी, एवढं पुरतं. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसवर, काळं मायनसवर.

पहिलं माप सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, दार न उघडता. बॉनेट आदल्या रात्रीच नुसतं टेकवून ठेवा, कारण दार उघडलं की दिवे आणि कंट्रोल युनिट जागे होतात आणि आकडा पडतो. १२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव. आकडा १०.५ च्या आसपास अडकून बसला असेल, तर सहापैकी एक सेल बहुधा मेला आहे. ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी उभी राहणार नाही. नुकतीच चालवून आणलेली गाडी मोजू नका, प्लेटांवरचा वरवरचा चार्ज १२.८ दाखवून फसवतो.

दुसरं माप सेल्फ मारताना. कोणीतरी चावी फिरवावी, तुम्ही आकडा पाहा. धडधाकट बॅटरी सेल्फच्या भारानेही ९.६ च्या खाली जात नाही. आधी १२.५ होती आणि सेल्फ मारताच ७ वर कोसळून टिकटिक सुरू झाली, तर बॅटरी आतून अशक्त आहे. चार्ज दिसतो, पण तो एकदम द्यायची ताकद उरलेली नाही. उलट चावी फिरवल्यावर आकडा १२ च्या वरच राहिला आणि एकच ‘टक’ ऐकू आलं, तर बॅटरीवर संशय घेऊ नका. करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. मग सेल्फचा सोलेनॉइड (त्याला करंट जोडून देणारा स्विच), जाड केबल किंवा इंजिनचं अर्थिंग तपासायचं.

बॅटरीला दोषी ठरवण्याआधी आणखी एक माप घ्या, हे बहुतेक जण गाळतात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं त्याच खुंटाला आवळलेल्या क्लॅम्पवर टेकवून सेल्फ मारा. दोघांत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर मध्ये मळ आहे किंवा क्लॅम्प सैल आहे. टिकटिक करणाऱ्या किती गाड्या १० नंबरच्या पान्याने क्लॅम्प आवळून आणि टर्मिनल घासून सुधारतात, ते कोणत्याही ऑटो इलेक्ट्रिशियनला विचारा.

तिसरं माप इंजिन चालू असताना. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसायला हवेत. हेडलाइट, एसीचा पंखा आणि मागच्या काचेचा हीटर लावून इंजिन दीड-दोन हजार फेऱ्यांवर धरा. तरीही १३.५ च्या आसपास राहिलं, तर डायनामो ठीक आहे आणि १४,९०० ची ओळ खोडून टाका. काही नव्या गाड्यांत इंधन वाचवायला कॉम्प्युटर मुद्दाम चार्जिंग कमी ठेवतो. तिथे १२.८ दिसलं तर घाबरू नका, हेडलाइट लावा, आकडा चढेल. १५ च्या वर गेला आणि बॉनेटखाली सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला आहे. अशी गाडी चालवत राहिलात तर नवी बॅटरीही उकळून मरेल.

इंजिन चालू असूनही आकडा १२.३ वरच अडकला, तरी नवा अल्टरनेटर हा लगेचचा निष्कर्ष नाही. आधी पट्टा ढिला आहे का ते पाहा, मग मागचं कनेक्टर, मग बॅटरीजवळचा मोठा फ्यूज. त्यानंतर अल्टरनेटरच्या मागच्या जाड बोल्टवर लाल टोक टेकवून मोजा. फिरता पट्टा आणि सैल बाही सांभाळा. तिथे १४.४ आणि बॅटरीवर १२.३ असेल, तर अल्टरनेटर आपलं काम करतो आहे, मधली केबल किंवा फ्यूज गेला आहे. बोल्टवरही १२.३ असेल, तर दोष अल्टरनेटरच्या आत आहे. पण तिथेही बहुतेकदा कार्बन ब्रश, रेग्युलेटर किंवा डायोड प्लेट जाते. चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन हे सुटे भाग बदलून देतो आणि खर्च नव्या युनिटच्या साधारण चौथ्या हिश्शात बसतो. सर्व्हिस सेंटर बहुधा पूर्ण युनिटच बदलतं. त्यांच्याकडे अल्टरनेटर खोलणारा माणूस नसतो, म्हणून.

साडेतीन वर्षं हे बॅटरीचं सरासरी आयुष्य आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत बहुधा बॅटरी बदलावी लागेल. बाकीच्या तीन ओळी मापाने सिद्ध होत नाहीत तोवर पैसे देऊ नका.

प्रश्न : सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, बॅटरी बाहेरून बसवली तर गाडीची वॉरंटी रद्द होईल. खरं आहे का? त्यांची बॅटरी बाहेरच्यापेक्षा दीड हजाराने महाग आहे. शिवाय बिलात एमआरपीवर पुन्हा जीएसटी लावला आहे. (वाचक, नाशिक)

सरसकट वॉरंटी रद्द होत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ च्या आदेशात १४ मोटार कंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्यावरून ते प्रकरण होतं. दंडाच्या रकमेवरून पुढे अपिलं झाली. पण वॉरंटीबद्दल आयोगाने त्यात स्पष्ट लिहिलं होतं : गाडी बाहेर दुरुस्त केली म्हणून सगळी वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालता येणार नाही. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जेवढं नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येते.

म्हणजे त्याच मापाची, त्याच क्षमतेची आणि त्याच प्रकारची बॅटरी नीट बसवली, तर इंजिनच्या किंवा गिअरबॉक्सच्या वॉरंटीला धक्का लागायचं कारण नाही. मात्र बॅटरीची तार कापून त्यातून अॅम्प्लिफायर किंवा जादा दिवे जोडले आणि वायरिंग जळलं, तर ते तुमच्या गळ्यात येईल, आणि ते योग्यच आहे. बोलणी तोंडी ठेवू नका. ‘वॉरंटी रद्द होईल हे वॉरंटी पुस्तिकेतल्या कलमाच्या उल्लेखासह मेलवर लिहून द्या’, एवढंच सांगा. बहुतेक ठिकाणी विषय तिथेच संपतो.

आता बिल. बॅटरीच्या खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर आलेले असतात. त्यावर वेगळा जीएसटी लावता येत नाही. बिलात कराआधीची किंमत आणि कर सुटा दाखवला तरी चालेल, पण दोन्हींची बेरीज एमआरपीच्या पुढे जाता कामा नये. लेड-अ‍ॅसिड बॅटरीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्यानंतरच्या बिलात २८ दिसला तर तिथेच बोट ठेवा. मजुरीवर १८ टक्के वेगळे लागतात, ते बरोबर आहे. पण बॅटरी बदलणं हे दोन नट, एक क्लॅम्प आणि पंधरा मिनिटांचं काम आहे. बॅटरीच्या दुकानात ते फुकट करून मिळतं, कित्येकदा तुमच्या दारी येऊन. सीटखाली किंवा डिकीत बॅटरी असलेल्या काही महागड्या गाड्या याला अपवाद.

गाडी सोडताना जॉब कार्डवर ‘मला फोनवर विचारल्याशिवाय कोणताही भाग बदलू नये, काढलेले भाग परत द्यावेत’ असं स्वतःच्या अक्षरात लिहा आणि त्याचा फोटो काढा. ‘टर्मिनल ट्रीटमेंट’, ‘इलेक्ट्रिकल हेल्थ पॅकेज’, ‘थ्रॉटल बॉडी क्लीनिंग’ या ओळी बॅटरीच्या तक्रारीत आपोआप उगवतात. ऐनवेळी वाद घालण्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं.

जादा घेतलेली रक्कम परत मिळाली नाही, तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही भागलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते.

प्रश्न : मी मुंबईला असतो, गाडी रत्नागिरीच्या घरी. तीन आठवड्यांनी गेलो की बॅटरी उतरलेली. सहा महिन्यांपूर्वी नवी टाकली, तरी तेच. आता सर्व्हिस सेंटर ‘वायरिंग हार्नेस तपासावं लागेल, दोन दिवस आणि आठ हजार’ म्हणतं. (वाचक, दादर)

आधी कागदावर हिशेब करू. कुलूप लावून झोपलेली गाडीसुद्धा २० ते ५० मिलिअँपिअर खाते. घड्याळ, अलार्म, रिमोटची वाट पाहणारा रिसीव्हर हे सगळे रात्रपाळीचे नोकर. ३० मिलिअँपिअर धरले तर दिवसाला ०.७२ अँपिअर-तास आणि २१ दिवसांत १५. तुमची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची, नवी आणि भरलेली असेल, तर २० उरतात आणि गाडी लागते. तीच बॅटरी तीन वर्षांची होऊन क्षमता २१ वर आली असेल, तर ६ उरतात आणि टिकटिक होते. म्हणजे जुन्या बॅटरीचं गाडं कशातही बिघाड नसताना अडलं असू शकेल. पण नवीही उतरते, याचा अर्थ कोणीतरी चोरून खातो आहे. ९० मिलिअँपिअर जात असतील तर २१ दिवसांत ४५ अँपिअर-तास लागतात. तेवढे तिच्यात भरलेलेच नाहीत.

हार्नेसकडे, म्हणजे गाडीभर गेलेल्या वायरच्या जुडग्याकडे, जाण्याआधी बाहेरून बसवलेल्या वस्तूंचा विचार करा. जीपीएस ट्रॅकर, सतत वीज घेणारा डॅशकॅम, डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये खोचलेलं ब्लूटूथ यंत्र, बाजारातून बसवलेला स्टिरिओ. स्टिरिओत लाल आणि पिवळ्या वायरची अदलाबदल झाली की तो कधीच झोपत नाही. त्यानंतर डिकीचा आणि ग्लव्ह बॉक्सचा दिवा. झाकण लावल्यावर तो विझतो का, ते फोनचा व्हिडिओ चालू करून फोन आत ठेवला की कळतं.

गळती मोजायची पद्धत अशी. मल्टीमीटरचं लाल टोक १० अँपिअरच्या खाचेत घाला. दारांची कुलपं स्क्रूड्रायव्हरने दाबून ‘बंद’ झाल्याचा भास गाडीला द्या, चावी लांब ठेवा. आता मायनसचा क्लॅम्प काढून मीटर क्लॅम्प आणि खुंट यांच्या मध्ये जोडा. सुरुवातीला दोनतीन अँपिअर दिसतील. गाडीतले कॉम्प्युटर झोपायला ३० ते ४० मिनिटं घेतात, तेवढं थांबा. नंतरही ५० मिलिअँपिअरच्या वर राहिलं, तर एकेक फ्यूज काढत चला. ज्या फ्यूजला आकडा धपकन खाली येतो, त्या सर्किटमध्ये चोर आहे. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. फ्यूज काढला की काही गाड्या पुन्हा जाग्या होतात. तिथे फ्यूज जागेवरच ठेवून त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या टोकांवर मिलिव्होल्ट मोजा. शून्य सोडून काही दिसलं, तर त्यातून करंट वाहतो आहे.

हे एखाद्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं तर साधारण दोन तासांची मजुरी लागते. आठ हजार रुपये दोष सापडल्यावर देण्याची गोष्ट आहे.

तोवर उपाय सोपा : जाताना मायनसचा क्लॅम्प काढून ठेवा. मात्र चावीतली धातूची पाती खिशात असू द्या, कारण रिमोट चालणार नाही. डिकी विजेवर उघडत असेल तर सामान आधीच काढा. परत जोडल्यावर घड्याळ लावावं लागेल, आणि ‘एका दाबात वर’ जाणाऱ्या काचा विसरल्या असतील तर काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरा. शेजाऱ्याला ‘रोज पाच मिनिटं चालू करून ठेवत जा’ असं सांगू नका. आयडलिंगवर भरणं कमी होतं आणि सायलेन्सरमध्ये पाणी साचतं. आठवड्याला अर्धा तास चालवणार असेल, तरच चावी द्या.

कोकणात आहात म्हणून आणखी एक. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरली असेल, तर लिटरभर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने धुवा. झाकणं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत जाता कामा नये. कोरडं करून क्लॅम्प आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून क्लॅम्प बसवायचा नाही. क्लॅम्पजवळची तांब्याची तार इन्सुलेशनच्या आतपर्यंत हिरवी पडली असेल, तर ती कापून नवा लग (तारेच्या टोकाचा धातूचा तुकडा) दाबून बसवून घ्यावा लागेल.

प्रश्न : माझं ऑफिस जेमतेम तीन किलोमीटरवर आहे. वारंवार सेल्फ मारून बॅटरी संपते, असं सगळे म्हणतात. (वाचक, कोल्हापूर)

सेल्फला लागणारा करंट मोठा, पण वेळ फार थोडा. १५० अँपिअर दोन सेकंद म्हणजे ०.०८ अँपिअर-तास. दहा मिनिटं गाडी चालवून १० अँपिअरने भरलं तर दीडच्या वर परत मिळतात. तेव्हा रोज जाऊन-येऊन हिशेब सुटतो. सुटत नाही तो दोन वेळा. पावसाळ्यात हेडलाइट, वायपर, एसी आणि धुकं काढायचा हीटर एकत्र लावून रांगेत सरकताना, किंवा बॅटरी आधीच अर्धी उतरलेली असताना. अर्धी बॅटरी तुमच्या तीन किलोमीटरांत कधीच पूर्ण भरत नाही. १२.४ च्या खाली ती आठवडेच्या आठवडे राहिली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि तेवढी क्षमता कायमची जाते. महिन्यातून एकदा पन्हाळ्यापर्यंत जाऊन या, किंवा घरचा स्मार्ट चार्जर घ्या. ३५ च्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, रात्रभर.

प्रश्न : नागपुरात बॅटरी अडीच वर्षांच्या वर टिकत नाही. थंडीत बंद पडते, म्हणून दोष थंडीचा का? (वाचक, नागपूर)

बंद पडते थंडीत, मरते मे महिन्यात. तापमान दहा अंशांनी वाढलं की आतली झीज साधारण दुप्पट वेगाने होते. ४५ अंशांच्या उन्हात बॉनेटखाली काय होत असेल, याचा अंदाज करा. उन्हाळ्यात पाणी उडतं, प्लेटांची जाळी कुरतडते, आणि हिवाळ्यात इंजिन ऑइल घट्ट होऊन सेल्फला जास्त जोर लागला की ती झीज उघडी पडते.

बॅटरीभोवती कंपनीने दिलेलं कापडी किंवा प्लॅस्टिकचं आवरण असतं ते तपासा. बॅटरी बदलताना गॅरेजवाले बऱ्याचदा ते काढून फेकतात. ते इंजिनच्या उष्णतेपासूनचं कवच आहे, शोभेसाठी नाही. बॅटरीला पाण्याची झाकणं असतील तर मार्च आणि मे अशी दोनदा पातळी बघा. फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. आरओचं नको, एसीतून ठिबकलेलंही नको, त्यात कॉइलची धूळ आणि धातूचे कण असतात. अ‍ॅसिड तर अजिबात नाही, कारण उडतं ते पाणी, अ‍ॅसिड आतच राहतं. पातळी प्लेटांच्या वर बोटभर जाडीची. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या बुडण्यापुरतंच पाणी घालून आधी चार्ज करा, बाकीचं नंतर, नाहीतर चार्जिंगमध्ये उतू जातं.

प्रश्न : वॉरंटीतली बॅटरी दुकानात दिली. दोन दिवसांनी ‘चार्ज केली, ओके आहे’ म्हणून परत. आठवड्यात पुन्हा उतरली. ३६ महिन्यांची वॉरंटी काय कामाची? (वाचक, सांगली)

वॉरंटी आतल्या दोषाला असते, उतरण्याला नसते. दिवा चालू राहिला, गळती आहे, डायनामो भरत नाही, ही कारणं कंपनी तिच्यात धरत नाही. म्हणून दुकानदार आधी चार्ज करतो, मग तपासतो. हे नियमाला धरूनच आहे. पण तपासणीचा कागद मागा. कंडक्टन्स टेस्टरच्या चिठ्ठीवर बॅटरीचा मूळ सीसीए (थंडीत सेल्फसाठी ती किती करंट देऊ शकते तो आकडा), मोजलेला सीसीए, व्होल्टेज आणि निकाल छापलेला असतो. मूळ ३०० आणि मोजलेला १८० असेल, तर ‘ओके’ कोणत्या हिशेबाने? यंत्रात सीसीएचं मानक चुकीचं निवडलं, जपानी जागी युरोपीय किंवा उलट, तर निकालही चुकतो. बॅटरीच्या लेबलवर छापलेलं मानक त्यांच्यासमोर पडताळा. ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ असं चिठ्ठीवर आलं असेल, तर तो पासही नाही आणि नापासही नाही.

झाकणं उघडत असतील तर आतल्या अ‍ॅसिडची घनता मोजणारा हायड्रोमीटर टेस्टरपेक्षा भरवशाचा. पूर्ण चार्जनंतर सहाही सेलांची घनता १.२५ ते १.२८ च्या दरम्यान आणि एकमेकींच्या जवळ हवी. एखादीत ०.०५० पेक्षा जास्त फरक, म्हणजे तो सेल गेला. हा आकडा लिहून दिलात की दुकानदाराला टाळाटाळ अवघड जाते.

आणि कार्ड नीट वाचा. ‘१८+१८’ लिहिलं असेल तर पहिले १८ महिने फुकट बदली, पुढचे १८ महिने एमआरपीवर ठरावीक सूट. ती सूट वजा करून येणारी किंमत कधीकधी बाजारभावाच्या जवळच असते, तेव्हा दोन्ही विचारून घ्या. बदलून मिळालेल्या बॅटरीला नवी वॉरंटी सुरू होत नाही, जुनीचीच उरलेली चालते. बिल हरवलं तर मुदत उत्पादनाच्या तारखेपासून धरली जाऊ शकते, म्हणून खरेदीच्या दिवशीच अनुक्रमांक ऑनलाइन नोंदवून ठेवा. विकत घेताना उत्पादन तीन महिन्यांपेक्षा जुनं नको, आणि बसवण्याआधी मीटरवर १२.५ तरी दिसायला हवेत.

प्रश्न : सोसायटीत जंप स्टार्ट करताना वॉचमनने केबल उलट्या लावल्या. मोठी ठिणगी पडली, आता गाडी पूर्ण मेली. सर्व्हिस सेंटर ‘ईसीयू गेला, साठ हजार’ म्हणतं. (वाचक, ठाणे)

ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो, पण तो रांगेत शेवटी आहे. सगळ्यात आधी बॅटरीच्या प्लसजवळचा मुख्य फ्यूज उडतो, त्याचं कामच ते. तो बहुधा काही शे रुपयांत येतो. कित्येक गाड्यांत तो बोल्टने बसवलेला असतो आणि वरून धड दिसला तरी आतून तुटलेला असतो, म्हणून मीटरची कंटिन्युइटी लावून तपासा. तो बदलून गाडी सुरू झाली, तर पुढे अल्टरनेटरचे डायोड बघा. इंजिन चालू ठेवून मीटर एसी व्होल्टवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर डायोड प्लेट गेली. स्वस्त मीटर इथे फसवतो : टोकं एका बाजूने शून्य आणि उलट केल्यावर वीस-पंचवीस दाखवत असेल, तर त्यावर विसंबू नका. ईसीयूचा निर्णय त्याला येणारे प्लस आणि अर्थ तपासल्यावर, स्कॅनरशी तो बोलत नाही याचा छापील रिपोर्ट हातात आल्यावर घ्या. आणि विमा कंपनीला दुरुस्तीआधी विचारा. नंतर विचारून उपयोग नसतो.

केबल लावायचा क्रम लिहून डिकीत चिकटवून ठेवा. लाल केबल उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. काळी चांगल्या बॅटरीच्या मायनसला, आणि शेवटचं टोक उतरलेल्या गाडीच्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. ठिणगी पडलीच तर बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनपासून लांब पडावी, म्हणून. चांगली गाडी पाच मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. काढताना बरोबर उलट क्रम. बाजारातल्या तीनशे रुपयांच्या केबल जाड दिसतात, पण ती जाडी रबराची. आतलं तांबं १६ चौरस मिलिमीटर तरी हवं. बॅटरी फुगलेली किंवा तडकलेली असेल, तर जंप करूच नका.

प्रश्न : माझ्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणारी यंत्रणा आहे. दुकानदार म्हणतो साधी बॅटरी बसवा, अडीच हजार वाचतील. (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

वाचतील, पण बहुधा वर्ष-दीड वर्षापुरते. साधी बॅटरी दिवसाला चारपाच स्टार्टसाठी बनवलेली असते, तुमची गाडी जालना रोडवर तेवढे दहा मिनिटांत करते. अशा गाड्यांसाठी ईएफबी आणि त्याहून दणकट एजीएम या दोन प्रकारच्या बॅटऱ्या असतात. मूळची ईएफबी असेल तर ईएफबी किंवा एजीएम घ्या. मूळची एजीएम असेल तर एजीएमच, तिच्याजागी ईएफबी नको. काही गाड्यांत, विशेषतः युरोपीय, नव्या बॅटरीची नोंद स्कॅनरने करावी लागते, नाहीतर कॉम्प्युटर तिला जुनीच समजून चार्ज करत राहतो. त्या नोंदणीचे पैसे मागितले तर ते रास्त आहेत. मायनस टर्मिनलवर छोटा सेन्सर असेल, तर चार्जरची काळी क्लिप टर्मिनलला न लावता बॉडीच्या बोल्टला लावा, नाहीतर सेन्सरला भरलेलं कळतच नाही.

सिग्नलला इंजिन बंद होणं थांबलं, तर ती बहुधा बॅटरीची पहिली कुरकुर असते. टिकटिक त्यानंतर येते.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीची मोठी बॅटरी ८० टक्के असताना गाडी उघडेचना. कसं? (वाचक, पणजी)

दारं, कॉम्प्युटर आणि मोठ्या बॅटरीला जोडणारे कॉन्टॅक्टर (विजेवर चालणारे मोठे स्विच) हे सगळं छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं. ती उतरली की ८० टक्क्यांपर्यंत पोचणारं दारच बंद. चावीतली पाती वापरून आत शिरा, पुस्तिकेत दाखवलेल्या जागी १२ व्होल्टचा जंप स्टार्टर लावा आणि गाडी ‘रेडी’त आणा. मग मोठी बॅटरी छोटीला आपणच भरते. इलेक्ट्रिक गाडीच्या १२ व्होल्टवरून दुसऱ्याची पेट्रोल गाडी मात्र सुरू करून देऊ नका. ती बॅटरी सेल्फचा भार उचलण्यासाठी नसते.

प्रश्न : जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ की दुकानात? (वाचक, लातूर)

दुकानात. ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीचं वजन नऊ-दहा किलो, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त शिसं. म्हणून तिला किंमत आहे. भाव विचारताना ‘जुनी देऊन किती, न देता किती’ असे दोन आकडे मागा. सर्व्हिस सेंटरच्या बिलात जुन्या बॅटरीची वजावट दिसत नसेल, तर ती तुमच्या पैशांतून गेली आहे. भंगारवाला दोनशे रुपये जास्त देत असेलही, पण तो अ‍ॅसिड गटारात ओततो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे ती गोळा करणाऱ्या किंवा पुनर्वापर करणाऱ्या अधिकृत साखळीतच देणं ही ग्राहकाचीही जबाबदारी आहे. नेताना उभी ठेवा, आडवी नाही, आणि खाली जुनं प्लॅस्टिकचं घमेलं.